कल्याण-भिवंडी कुणाला, कशासाठी हवी होती?

भिवंडीच्या धामणकर नाक्यावर दिवसाच्या कोणत्याही प्रहरी गेले तरी रस्ता ओलांडणे हे धैर्याचे काम आहे. कापडाचे तागे लादलेले टेम्पो, सुताच्या बाचक्यांनी फुगलेल्या लॉऱ्या, रिक्षा, हातगाड्या आणि अलीकडे उभे राहिलेले मेट्रोचे खांब यांच्या गर्दीत इथून समुद्र जवळ आहे, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. या शहरातून एक वाट कल्याणला जाते, एक ठाण्याला, एक वाड्याकडे. आणि अंजूर फाट्याहून निघणारी वाट चिंचोटीवरून थेट आपल्या वसईत उतरते. कामवारी नदी शहराला लागून वाहते आणि पुढे खाडीला मिळते. आज तिच्याकडे पाहून इथे कधी लढाऊ गलबते बांधली जात होती, असे सांगितले तर ऐकणारा हसेल. परंतु ती बांधली जात होती, आणि ती बांधणाऱ्या हातांत आपल्या धर्माचे हातही होते.

एका धर्मग्रामातील तरुण मंडळाच्या अभ्यासवर्गात मला एका मुलाने प्रश्न केला होता, की रोमन लोकांना केल्टांचे देश जिंकण्याची एवढी निकड का वाटली? घरात खाण्यापिण्याची ददात नव्हती, शहर संगमरवराने मढत होते, मग धुक्यातल्या आणि अरण्यातल्या त्या लोकांशी वैर कशाला? प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर देताना माझे मन वारंवार याच नाक्याकडे वळत राहिले. सैन्य दुसऱ्याच्या भूमीत का शिरते, हे समजून घ्यायला आपल्याला गॉलपर्यंत जाण्याची गरज नाही. तरीपण आरंभ तिथूनच करू.

केल्ट हे एक राष्ट्र नव्हते. आजचा फ्रान्स, उत्तर इटली, स्पेनचा काही भाग, ब्रिटन आणि आयर्लंड एवढ्या विस्तारात पसरलेल्या, परस्परांशी मिळत्याजुळत्या भाषा बोलणाऱ्या टोळ्यांचा तो समूह होता. इसवी सनापूर्वी ३९० च्या सुमारास त्यांच्यातील एका टोळीने खुद्द रोम लुटले, जाळले आणि सोने तोलून घेऊन मगच ती निघून गेली. रोमन माणूस हा अपमान पिढ्यान् पिढ्या विसरला नाही. उत्तरेकडून ते पुन्हा येतील ही भीती तेथील राजकारणाचा कायमचा मसाला होऊन बसली. इ. स. पूर्व २२२ मध्ये रोमनांनी मेदिओलानुम, म्हणजे आजचे मिलान घेतले. पुढे १२१ च्या सुमारास दक्षिण गॉल घेतले, कारण स्पेनमधील आपल्या प्रांतांकडे जाणारा खुष्कीचा मार्ग त्यांना सुरक्षित हवा होता. आणि मग आला ज्युलियस सीझर. तो कर्जात गळ्यापर्यंत बुडालेला होता. त्याला पैसा हवा होता, कीर्ती हवी होती, आणि रोममधल्या प्रतिस्पर्ध्यांना दबवायला हाताशी एकनिष्ठ सैन्य हवे होते. गॉलमध्ये सोने होते, गुलाम मिळण्याजोगी माणसे होती, सुपीक जमीन होती. इ. स. पूर्व ५८ मध्ये हेल्व्हेटी नावाची टोळी आपला मुलूख सोडून पश्चिमेकडे निघाली. सीझरला हवे होते ते निमित्त सापडले.

मात्र एक गोष्ट पुष्कळदा नजरेतून सुटते. सीझरला गॉलमध्ये बोलावणारे गॉलच होते. एडुई टोळी रोमची जुनी मित्र. तिच्यातील दिविशिआकुस हा पुढारी शेजाऱ्यांच्या आणि जर्मन राजा अरिओव्हिस्टसच्या जाचाविरुद्ध मदत मागायला पूर्वी रोमपर्यंत जाऊन आला होता. मदत आली, ती पुन्हा परत गेली नाही. आठ वर्षांत सारे गॉल रोमच्या टाचेखाली आले. इ. स. पूर्व ५२ मध्ये अलेसिया येथे व्हर्सिंजेटोरिक्सने सर्व टोळ्यांना एकत्र आणण्याचा अखेरचा यत्न केला, तोवर वेळ निघून गेली होती. सहा वर्षे कैदेत ठेवून, विजययात्रेत मिरवून त्याला ठार करण्यात आले. या युद्धांत दहा लाख माणसे मेली आणि दहा लाख गुलाम झाली, असे प्लूटार्क लिहितो. आकडे फुगवलेले असतील. निम्मे धरले तरी अंगावर शहारा येतो.

भय, लोभ, मार्गांची निकड, एका माणसाची महत्त्वाकांक्षा आणि आतून आलेले बोलावणे अशी ही कारणांची गुंफण आहे. शाळेच्या पुस्तकांत आपण एकच कारण पाठ करतो, कारण परीक्षेत तेवढेच लागते.

आता खाडीकडे वळू. त्याच रोमन जगाला कल्याण ठाऊक होते. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी मार्गदर्शिकेत कल्याणचा उल्लेख 'कल्लिएना' असा येतो, आणि तोही एका तक्रारीसह. पूर्वी सातवाहनांच्या काळी हे रीतसर बाजाराचे बंदर होते; पुढे सत्ता बदलली आणि इथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही या खाडीवर दोन सत्तांची ओढाताण चालू होती आणि तिचे मूळ जकातीत होते. कल्याणहून निघालेला माल नाणेघाट चढून जुन्नरला जाई. घाटाच्या माथ्यावरचा तो दगडी रांजण आणि सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आजही पाहायला मिळतात. सहाव्या शतकात कॉस्मस या ख्रिस्ती प्रवाशाने 'कल्लिआना'बद्दल लिहिताना तेथून पितळ, शिसवी लाकूड आणि कापड बाहेर जाते असे नोंदवले. शिवाय तेथे पर्शियाहून नेमलेला बिशप असतो, असेही सांगितले. अनेक अभ्यासक हे गाव म्हणजे आपले कल्याणच मानतात. बिशपाचा उल्लेख वाचून आपल्याला आनंद होतो, हे स्वाभाविक आहे. पण वाचकांनी त्याच वाक्यातील लाकडाकडेही लक्ष द्यावे. पुढच्या हजार वर्षांच्या इतिहासाची किल्ली त्या लाकडात आहे.

सह्याद्रीच्या उतारावर, मुरबाड-शहापूरच्या बाजूला सागाची दाट राने होती. ओंडके खाली आणायला नदी होती. बांधलेले जहाज समुद्रात न्यायला खाडी होती. घाटमाथ्यावरचा माल उतरायला नाणेघाट, बोरघाट आणि थळघाट होते. अशी जागा हाती असलेल्या सत्तेला आरमार उभारता येते, आणि आरमार असणारा जकात घेतो.

पोर्तुगिजांनी हे लवकर ओळखले. तरीही वसई त्यांना मिळाली ती एका सुलतानाच्या अडचणीमुळे. गुजरातच्या बहादूरशहावर उत्तरेकडून हुमायून चालून येत होता. एका बाजूला मोगल आणि दुसऱ्या बाजूला समुद्रावर पोर्तुगीज, अशा कात्रीत सापडलेल्या बहादूरशहाने डिसेंबर १५३४ मध्ये तह करून वसई आणि तिच्या ताब्यातील बेटे व मुलूख गव्हर्नर नुनो द कुन्य याच्याकडे सोपवला. तहातील एक अट अशी, की गुजरातहून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या जहाजांनी वसईहून परवाना घ्यावा आणि परतताना वसईला येऊन जकात भरावी. आपल्या घरांतून पुष्कळदा असे सांगितले जाते, की फिरंगी इथे धर्म घेऊन आले. धर्म त्यांच्या जहाजातून आला हे खरे. पण तहाच्या कागदावर जे लिहिले गेले, त्यात जकात होती, बंदर होते, मुलूख होता. मग गावे फोर घेऊन खंडाने पोर्तुगीज सरदारांना वाटली गेली, देवळे पाडली गेली, मंडपेश्वरच्या लेण्यात उपासनामंदिर झाले. गोव्यात १५६० साली न्यायासन स्थापन झाल्यावर त्याचा हात वसईपर्यंत पोहोचला. संत फ्रान्सिस झेवियर यांची पावले या किनाऱ्याला लागली, हा आपला अभिमान आहे. तो बाळगताना बाकीची पानेही उलटावीत. आपण ती फार वेळा चिकटवून ठेवतो.

मात्र पोर्तुगिजांच्या हाती सगळी खाडी कधीच आली नाही. मुख त्यांच्याकडे, घसा दुसऱ्याकडे अशी विचित्र स्थिती शंभर वर्षे राहिली. वसई आणि ठाणे त्यांचे. कल्याण आणि भिवंडी निजामशाहीची आणि १६३६ नंतर विजापूरच्या आदिलशाहीची. हे १६३६ साल विसरण्याजोगे नाही. निजामशाहीचा डोलारा सावरून धरू पाहणाऱ्या शहाजीराजांना शेवटी ज्या किल्ल्यावर मोगल आणि आदिलशाही सैन्यापुढे शरणागती पत्करावी लागली, तो माहुली किल्ला भिवंडीच्या ईशान्येला, आसनगावजवळ आहे. म्हणजे एकवीस वर्षांनी त्यांचा मुलगा या मुलखात उतरला, तेव्हा तो अगदीच परक्या घरात शिरत नव्हता. वडिलांच्या हातून निसटलेली ती भूमी होती.

शिवाजीमहाराजांनी १६५७ सालच्या ऑक्टोबरात कल्याण-भिवंडी घेतली. वेळ कशी साधली, ते पाहण्यासारखे आहे. विजापूरचा मुहम्मद आदिलशहा १६५६ च्या नोव्हेंबरात वारला होता आणि गादीवर त्याचा तरुण मुलगा होता. औरंगजेबाने बीदर आणि बसवकल्याणचा किल्ला घेऊन विजापूरला खिळखिळे केले होते. तेवढ्यात, १६५७ च्या सप्टेंबरात, दिल्लीला शहाजहान आजारी पडला आणि औरंगजेबाचे लक्ष उत्तरेकडे लागले. कल्याणचा कारभार ज्या मुल्ला अहमद या विजापुरी सरदाराकडे होता, त्याला पाठबळ देण्याच्या स्थितीत कुणीच नव्हते. दिवाळीच्या दिवसांत दोन्ही ठाणी पडली आणि पुढल्या जानेवारीत माहुलीही आली. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची कथा आपण नाटक-सिनेमांतून लहानपणापासून ऐकली आहे. ती कितपत ऐतिहासिक आहे याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. लोकांना ती सांगावीशी वाटली, यातच राजाविषयीचा लोकांचा विश्वास दिसतो, एवढे म्हणून मी पुढे जातो.

कारण माझ्या दृष्टीने खरी गोष्ट यानंतर घडली. महाराजांनी कल्याण-भिवंडी हाती येताच जहाजे बांधायला काढली. डोंगरी मुलखातल्या, घोड्यावर वाढलेल्या या राजाला समुद्राची गरज काय, असे कुणालाही वाटले असते. गरज होती. दंडा-राजपुरीचा सिद्दी किनाऱ्यावरच्या गावांना लुटत होता आणि जंजिऱ्याला जमिनीवरून हात लावणे शक्य नव्हते. शिवाय पोर्तुगिजांचा 'कार्ताझ' नावाचा परवाना घेतल्याशिवाय कुणाचेही गलबत समुद्रावर निर्धास्त फिरू शकत नव्हते. जमीन आपली आणि पाणी दुसऱ्याचे असेल, तर बंदराचा काय उपयोग? गॉल जिंकणाऱ्या सीझरलाही हे कळले होते, इ. स. पूर्व ५५ आणि ५४ मध्ये तो खाडी ओलांडून ब्रिटनमध्ये उतरला. पण सीझरच्या आणि महाराजांच्या हेतूंत मला एक मोठा फरक वाटतो. सीझरला आपल्या शहरातील सत्तेसाठी परमुलखातील विजय हवा होता. महाराजांना आपल्याच किनाऱ्यावर चालण्याचा हक्क हवा होता.

गोव्याच्या पोर्तुगीज शासकांनी १६ ऑगस्ट १६५९ रोजी आपल्या राजाला पत्राने कळवले, की आदिलशहाच्या दरबारातून फुटलेल्या शहाजीच्या मुलाने वसई आणि चौलच्या लगतचा मुलूख घेतला आहे, तो बलाढ्य होत चालला आहे, आणि भिवंडी, कल्याण व पनवेल या वसई प्रांताच्या बंदरांत त्याने काही लढाऊ गलबते बांधली आहेत. ही गलबते समुद्रात उतरू देऊ नयेत, असा हुकूम आम्ही कप्तानाला दिला आहे. भिवंडीचे नाव त्या पत्रात आहे! आज ज्या शहराला लोक यंत्रमागांचे आणि गोदामांचे म्हणून ओळखतात, त्याच्यामुळे लिस्बनला चिंता कळवावी लागली होती.

आणि ही गलबते बांधत कोण होते? महाराजांनी रुई लैतांव व्हियेगस या वसईच्या पोर्तुगीज कारागिराला आणि त्याच्या मुलाला कामावर ठेवले होते. 'संगिसेल' जातीची, वल्ह्यांनी चालणारी वीस हलकी लढाऊ गलबते बांधायची होती. व्हियेगसच्या हाताखाली पोर्तुगीज आणि मिश्र वंशाची माणसे होती. बायका-मुले धरून हा मेळा तीन-चारशेच्या घरात होता. ते पगारी माणसे होते. काम सिद्दीविरुद्ध आहे, असे त्यांना सांगितले होते, आणि ते खोटेही नव्हते. वसईच्या कप्तानाची मात्र झोप उडाली. आपल्याच लोकांच्या हातांनी आपल्याच दाराशी दुसऱ्याचे आरमार उभे राहते आहे, हे त्याला सोसवेना. त्याने गुप्तपणे माणूस पाठवून व्हियेगसचे मन वळवले, आणि एके दिवशी ही सारी मंडळी काम अर्धवट टाकून वसईला निघून गेली. गोव्याच्या दप्तरखान्यात आयुष्य वेचलेल्या पांडुरंग पिसुर्लेकरांमुळे या कागदांचा आपल्याला परिचय झाला. त्यांच्या 'पोर्तुगेज-मराठे संबंध' या १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचे ऋण आपल्या समाजाने मोठ्या मनाने मानायला हवे.

त्या कुटुंबांनी भिवंडीत किती महिने काढले, मुलांचे बाप्तिस्मे कुठे झाले, रविवारी मिस्साला कुणी खाडी ओलांडून येत होते का, याचा विचार मनात येतोच. त्यांच्यातील सुतारांची आणि लोहारांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत. राजांची पत्रे राहिली, कप्तानाचे हुकूम राहिले. गॉलच्या बाबतीतही हेच झाले. त्या युद्धाचा जवळजवळ सारा वृत्तांत सीझरनेच लिहिलेला आहे; हरलेल्या टोळ्यांनी आपली बाजू लिहून ठेवली नाही.

कारागीर गेले म्हणून आरमार थांबले नाही. कोळी, भंडारी आणि कोकणी मुसलमान दर्यावर्दी होतेच; पुढे दौलतखान आणि दर्यासारंग यांनी त्या आरमाराचे नेतृत्व केले. १६६१ मध्ये शायिस्ताखानाच्या फौजांनी कल्याण घेतले आणि महाराजांना आपला मुख्य सागरी तळ दक्षिणेकडे न्यावा लागला. १६६४ मध्ये मालवणजवळ सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले. कल्याण-भिवंडी १६७० मध्ये परत आली, पुन्हा गेली, आणि अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाअखेर मराठ्यांकडे स्थिरावली. या देवाणघेवाणीत इथल्या शेतकऱ्याने किती धन्यांना सारा भरला असेल, ते तोच जाणे.

उरली १७३७ ची मोहीम. तिच्याविषयी आपल्या धर्मग्रामांत हळू आवाजात बोलले जाते. ती मोठ्याने बोलायला हरकत नाही. भिवंडीजवळच्या अंजूर गावचे नाईक घराणे, विशेषतः गंगाजी नाईक आणि त्यांचे बंधू, पोर्तुगीज मुलखातील हिंदू रयतेचे गाऱ्हाणे घेऊन पेशव्यांकडे गेले. धर्मविधींवर बंदी, वतनांवर टाच, न्यायासनाची दहशत हे ते गाऱ्हाणे होते, आणि ते बनावट नव्हते. एडुई रोमला गेले, बहादूरशहाने नुनो द कुन्याला हाक मारली, अंजूरकर पुण्याला गेले. प्रत्येक वेळी बोलावणारा घरातला होता आणि प्रत्येकाला आपले दुःख खरे वाटत होते. अंजूरकरांचे तर ते होतेच. पेशव्यांची स्वतःची कारणेही होती: सिद्दीशी नुकतेच युद्ध झाले होते, पोर्तुगिजांचा कल सिद्दीकडे होता, आणि कल्याणची खाडी मुखापर्यंत हाती आल्यावाचून तिचा उपयोग नव्हता. १६५७ साली अपुरे राहिलेले गणित ऐंशी वर्षांनी सुटले. मार्च १७३७ मध्ये ठाणे पडले आणि मे १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांच्या फार रक्तरंजित वेढ्यानंतर, वसई. शरणागतीच्या अटींत मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रहिवाशांसाठी तीन चर्चे राखण्याचे मान्य केले गेले. जिंकणाऱ्याने हरलेल्याच्या उपासनेला जागा ठेवली, हे त्या काळी सर्वत्र घडत नव्हते. वसईत पोर्तुगिजांकडूनही घडले नव्हते. पोर्तुगीज जहाजांत बसून गेले. आपले पूर्वज गेले नाहीत. शेत, वाडी, होडी, जाळे सोडून ते जाणार कुठे? गोव्याच्या देशी धर्मगुरूंनी पुढची कित्येक दशके त्यांचा सांभाळ केला.

पुष्कळ जण मला विचारतात, की आपण जिंकणाऱ्यांचे वारस की जिंकलेल्यांचे? यावर मी केल्टांकडेच बोट दाखवतो. त्यांची एक शाखा इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात आजच्या तुर्कस्तानात जाऊन वसली होती. त्या मुलखाला गलतिया म्हणत, आणि इ. स. पूर्व २५ मध्ये तो रोमचा प्रांत झाला. संत पौलाने गलतीकरांस पत्र लिहिले ते याच प्रांतातील मंडळ्यांना. ज्यांच्या पूर्वजांनी रोम लुटले, ज्यांचे भाऊबंद अलेसियाला मेले, त्यांचे नाव लागलेले पत्र आपण मिस्साच्या वेळी वाचतो, आणि वाचताना रोमन कोण नि केल्ट कोण हे कुणाच्या मनात येत नाही. गॉलमध्ये रोमन सत्ता बुडाली. लॅटिनपासून फुटलेली भाषा राहिली, चर्च राहिले, शेतकरी राहिले. वसईत पोर्तुगीज गेले. सामवेदी, वाडवळी, कोळी बोलीत प्रार्थना म्हणणारी माणसे राहिली.

वसईच्या मोहिमेनंतर मराठे सरदारांनी इथल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून घाटावर नेल्या. भीमाशंकरच्या देवळासमोर त्यांतली एक आहे. दुसरी वाईजवळ मेणवलीच्या घाटावर, नाना फडणविसांच्या वाड्याशेजारी टांगलेली आहे, आणि तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मरियामातेची आकृती आहे. कृष्णेच्या काठी येणारे भाविक ती घंटा भक्तिभावाने पाहतात. आपल्यापैकी कुणी महाबळेश्वरला सहलीला निघाले, तर वाटेत वाईला उतरून मेणवलीला जरूर जावे.